मुलांच्या मनाचे माप

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपल्यापैकीच एका सभासद भगिनीने चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले तेव्हा मी त्यांना हातच जोडले. मी सातवी पास. पापड-कुरडयांच्या कामाला बोलवा, भजनाला बोलवा, मी पदर खोचून उभी राहीन. परंतु भाषण माझ्याने कसे व्हायचे? त्या म्हणाल्या, "तुमच्या नातीच्या कागदाची हकीकत त्या दिवशी ओट्यावर बसून सांगितलीत ना, तीच उभ्याने सांगा." म्हणून उभी राहिले आहे. काही चुकले-माकले तर पदरात घ्या.

माझी लेक आणि जावई दोघेही नोकरी करतात. त्यामुळे माझी नात, आम्ही तिला छकुली म्हणतो, दिवसभर मजपाशी असते. साडेचार वर्षांची आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये तिला बालवर्गात घातले. डिसेंबरात त्या बालवर्गात मुलांची तपासणी झाली. मुले बावरू नयेत म्हणून घरचे एक माणूस मागे बसले तरी चालेल, असे सांगितले होते. तेव्हा मी मागच्या बाकावर जाऊन बसले.

तपासायला आलेल्या बाई तरुण होत्या आणि वागायला गोड होत्या. त्यांनी छकुलीपुढे चार चेहऱ्यांची चित्रे मांडली. हसरा, रडवा, रागावलेला आणि घाबरलेला. घाबरलेल्या चेहऱ्याचे डोळे विस्फारलेले आणि तोंड उघडे होते. छकुली म्हणाली, "ही बाई ओरडते आहे." बाईंनी काहीतरी टिपून घेतले. मग त्यांनी विचारले, "तुझ्या हातातली बाहुली दुसऱ्या मुलीने ओढून घेतली तर तुला काय वाटेल?" ही म्हणाली, "काही नाही." "मग तू काय करशील?" "दुसरी घेईन." पुन्हा टिपण. मग त्यांनी रंगीत कागदात गुंडाळलेली भेट तिला दिली. आत निघाला पेन्सिलीचा आखूड तुकडा. छकुली क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली, मग हसून म्हणाली, "छान आहे." शेवटी एक गोळी तिच्यापुढे ठेवून बाई म्हणाल्या, "मी बाहेर जाऊन येते. तोपर्यंत ही खाल्ली नाहीस तर दोन देईन." छकुली हाताची घडी घालून स्वस्थ बसली. गोळीकडे तिने मान वळवूनही पाहिले नाही. मला मनातून फार बरे वाटले.

संक्रांतीच्या सुमारास कागद घरी आला. त्यावर पाच रकाने होते. अक्षर, अंक, भाषा, खेळ, सगळीकडे चांगले शेरे. शेवटचा रकाना 'भावनिक विकास', आणि त्यापुढे लिहिले होते, 'अपेक्षेपेक्षा कमी. गोळीपाशी थांबली, परंतु भावना ओळखत नाही व व्यक्त करत नाही.'

माझ्या लेकीने कागद वाचला आणि ती मला म्हणाली, "आई, दिवसभर ती तुझ्याजवळ असते. तू तिला उठता-बसता 'रडू नको, रुसू नको, शहाणी ना तू' म्हणतेस. त्याचा हा परिणाम." मी काहीच बोलले नाही. परंतु मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. चार दिवस आम्हा मायलेकींत कामापुरतेच बोलणे होते. मी दोन मुले वाढवली आणि त्यांपैकी एकीने मला सांगावे की, मुलीच्या मुलीला वाढवताना तुझे चुकले! कागदावरचे चार शब्द, पण घरात केवढा सल!

आपल्या आळीत एक मुलगी बालविकासाचा अभ्यास करते. नाव सांगू नका म्हणाली, म्हणून सांगत नाही. मी तो कागद घेऊन तिच्याकडे गेले आणि म्हटले, "बाळ, हे काय प्रकरण आहे ते मला नीट समजावून सांग." महिनाभर संध्याकाळी ती मला वाचून दाखवी आणि मी वहीत लिहून घेई. आज जे सांगते ते त्या वहीतले आहे.

मुलांची बुद्धी मोजण्याचा प्रघात शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा. १९०५ साली पॅरिस शहरात आल्फ्रेड बीने नावाच्या विद्वानाने, सिमों नावाच्या सहकाऱ्याबरोबर, मुलांसाठी प्रश्नांची एक माळ तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांना निराळी मदत लागेल ते कळावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. पुढे लोकांच्या ध्यानात आले की, माणसाचे नुसत्या गणित-भाषेच्या हुशारीवर भागत नाही. आपल्या मनात काय चालले आहे ते ओळखणे, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याचे मन जाणणे, राग आवरणे, दुःख सोसणे आणि सांगणे, हीही एक बुद्धीच आहे. १९९० साली अमेरिकेतील सॅलोवी आणि मेयर या दोन अभ्यासकांनी तिला 'भावनिक बुद्धिमत्ता' म्हणून शास्त्रात मांडले, आणि १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ते नाव घरोघर नेले. आपल्या आज्यांनी तिला 'समज' म्हटले. "पोर अक्षरशत्रू आहे पण समजूतदार आहे" असे आपण म्हणतो, ते याच बुद्धीविषयी.

आता शाळेत न जाणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या तीन-चार वर्षांच्या मुलाची ही समज मोजायची कशी? त्याची एक युक्ती मला फार आवडली. अमेरिकेत सुझान डेनहॅम नावाच्या विदुषी आहेत. त्यांनी १९८६ च्या सुमारास बाहुल्यांची एक परीक्षा केली. बाहुलीला जाड लोकरी कापडाचे चार चेहरे असतात, काढता-घालता येण्याजोगे. आनंदी, दुःखी, रागावलेला, भ्यालेला. मुलाला आधी चेहरे ओळखायला लावतात. मग बाहुल्या हातात घेऊन छोट्या गोष्टी करून दाखवतात आणि विचारतात, "हिला आता काय वाटते? चेहरा लाव बघू." बरोबर चेहरा लावला तर दोन गुण. रागाच्या जागी दुःखाचा लावला, म्हणजे निदान काहीतरी वाईट झाले एवढे कळले, तर एक गुण. हसरा लावला तर शून्य. मी त्या मुलीला म्हटले, "अगं, ही तर आपली भातुकलीच की!" ती हसून म्हणाली, "होय मावशी, पण गुण देऊन खेळलेली."

"मग भातुकलीत माझ्या छकुलीला शून्य कसे मिळाले?" मी विचारले. तेव्हा ती म्हणाली, "मावशी, मोजायचे माप कोणत्या गावचे आहे, ते आधी बघावे लागते."

हे मात्र मला चटकन समजले. माझ्या सासूबाई सांगत की, त्यांच्या माहेरची पायली आणि सासरची पायली सारखी नव्हती. लग्न होऊन आल्यावर पहिल्या सुगीला त्यांनी पायलीभर जोंधळ्याचा आपल्या हिशेबाने अंदाज केला आणि भाकरी कमी पडल्या. सगळी घरची माणसे "नवी सून अडाणी" म्हणून हसली. सून अडाणी नव्हती, पायली निराळी होती. पुढे देशभर किलो आला आणि हा घोळ मिटला. परंतु मनाचा किलो अजून कोणी पाडलेला नाही. तिथे अद्याप ज्याच्या त्याच्या गावची पायलीच चालते.

माझ्या वहीतले काही दाखले सांगते म्हणजे पटेल.

पहिला चेहऱ्याचा. विस्फारलेले डोळे आणि उघडे तोंड म्हणजे भीती, असे युरोप-अमेरिकेत धरून चालतात. परंतु पापुआ न्यू गिनी देशात ट्रोब्रिआंड नावाची बेटे आहेत. तिथल्या तरुण मुलांना तसा चेहरा दाखवला तर त्यांतील पुष्कळांनी सांगितले की, हा माणूस रागावला आहे, दुसऱ्याला धमकावतो आहे. हे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे "ही बाई ओरडते आहे" म्हणणारी माझी नात जगात एकटी नव्हती.

दुसरा दाखला न आवडलेल्या भेटीचा. आमच्याकडे आलेल्या बाईंनी छकुलीच्या हसण्याचा अर्थ 'भावना व्यक्त करत नाही' असा लावला. परंतु अमेरिकेत पामेला कोल या संशोधिकेने तीन-चार वर्षांच्या मुलींना अशाच नकोशा भेटी देऊन पाहिल्या. देणारी व्यक्ती समोर असताना त्या चिमुरड्याही हसून वेळ साजरी करत. १९८६ सालच्या त्या अभ्यासात ते हसणे ही कमतरता धरली नाही. दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून आपली निराशा झाकता येणे, ही एवढ्या लहान वयातली मोठी करामतच मानली. पुढे १९९४ साली जोशी आणि मॅक्लीन या दोघींनी इंग्लंडमधील आणि भारतातील चार व सहा वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगून विचारले की, आत एक वाटते आणि चेहऱ्यावर दुसरे दाखवायचे, असे होऊ शकते का? चार वर्षांच्या भारतीय मुलींना हा भेद त्याच वयाच्या इंग्रज मुलींपेक्षा अधिक कळत होता. का कळत होता ते आपल्याला वेगळे सांगायला नको. पाहुण्यांपुढे कसे वागायचे ते आपल्या मुली पाळण्यातून उतरल्या की शिकू लागतात. एकच हसू, एका तागडीत ते शहाणपण, दुसऱ्या तागडीत उणेपणा.

तिसरा दाखला आपल्या शेजारच्या नेपाळचा. तिथे ब्राह्मण वस्तीची खेडी आहेत आणि तामांग लोकांची खेडी आहेत. त्याच पामेला कोल यांनी तेथील आणि अमेरिकेतील शाळकरी मुलांना विचारले की, कोणी तुमच्याशी वाईट वागले तर काय वाटेल? २००२ सालचा हा अभ्यास. अमेरिकेतली मुले म्हणाली, राग येईल आणि आम्ही तो बोलून दाखवू. ब्राह्मण मुले म्हणाली, राग येईल पण दाखवणार नाही. तामांग मुलांच्या उत्तरांत रागापेक्षा लाज अधिक होती. पुढे २००६ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या घरी काय घडते तेही पाहिले. तामांग घरांत मूल रागावले तर मोठी माणसे दटावत, आणि लाजून कानकोंडे झाले तर जवळ घेत. ब्राह्मण घरांत रागावलेल्या मुलाची समजूत काढत, लाजलेल्याकडे लक्ष देत नसत. एकाच डोंगरातली गावे, पण घरची शिकवण निराळी. आता "बाहुली ओढली तर राग येतो" एवढे एकच उत्तर बरोबर धरले, तर तामांग मुलाला शून्य. मग तो बिनमनाचा झाला का?

चौथा दाखला गोळीचा. हा तर फारच गमतीचा. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत वॉल्टर मिशेल यांनी ही परीक्षा सुरू केली. आता एक खाऊ, किंवा थांबलास तर दोन. जी मुले जास्त वेळ थांबली ती पुढे शाळेत सरस निघाली, असे काही वर्षांनी आढळले, आणि साऱ्या जगात या परीक्षेचा गाजावाजा झाला. परंतु २०१८ साली नऊशेहून अधिक मुलांची माहिती पुन्हा तपासली. आईचे शिक्षण, घरची परिस्थिती या गोष्टी हिशेबात घेतल्यावर त्या थांबण्याचा पुढच्या यशाशी असलेला संबंध अगदी थोडा उरला.

त्याच सुमारास आफ्रिकेतील कॅमेरून देशात न्सो नावाच्या शेतकरी लोकांच्या चार वर्षांच्या मुलांची अशी परीक्षा घेतली, तेथील तळलेल्या गोड वड्यांचा खाऊ ठेवून. १० पैकी सुमारे ७ मुले थांबली. जर्मनीतील मध्यमवर्गी मुलांत १० पैकी सुमारे ३ थांबली. जर्मन मुले चुळबूळ करत, गाणी म्हणत, उठबस करत. न्सो मुले नुसती शांत बसली. काही तर बसल्या जागी झोपी गेली! त्यांच्या घरी मोठ्यांचे ऐकणे आणि मन आवरणे हे लहानपणापासून अंगी बाणवतात.

आणि २०२२ साली जपान आणि अमेरिका येथील चार-पाच वर्षांच्या मुलांवर झालेला प्रयोग ऐका. जपानी मुले खाऊसाठी पुष्कळ वेळ थांबली, पण कागदात गुंडाळलेल्या भेटीसाठी थांबेनात. अमेरिकेतली मुले नेमकी उलट. भेट उघडायला थांबली, खाऊला थांबली नाहीत. कारण काय? जपानात सगळ्यांची पाने वाढून होईपर्यंत जेवायला हात लावत नाहीत. अमेरिकेत नाताळच्या भेटी दिवस उजाडेपर्यंत उघडत नाहीत. ज्या घरात ज्या गोष्टीसाठी थांबायची सवय, त्या गोष्टीसाठी मूल थांबते.

हे ऐकले आणि माझ्या डोळ्यांपुढे छकुलीची हाताची घडी उभी राहिली. मी खुळी मनातून फुशारले होते! आमच्याकडे देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी ताटाला हात लावत नाही. तिला रोज त्याची सवय. म्हणजे बघा, गोळीत तिला जी शाबासकी मिळाली तीही घरचीच, आणि भेटीत जो उणा शेरा मिळाला तोही घरचाच. तपासणीने मोजली ती बरीचशी आमच्या घरची रीत. आणि कागदावर नाव लागले साडेचार वर्षांच्या पोरीचे.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात येते. त्या चार चेहऱ्यांत आपला रुसवा कुठे बसवायचा? रुसलेले मूल रागावलेले असते, दुःखी असते, आणि कोणीतरी येऊन समजूत काढील म्हणून वाटही पाहत असते. ज्याच्यावर माया नाही त्याच्यावर कोणी रुसत नाही. शिवाय हिरमुसणे आहे, खट्टू होणे आहे, बावरणे, भेदरणे, फुरंगटणे, कानकोंडे होणे आहे. आपल्या भाषेत मनाच्या एवढ्या छटा आहेत. मुलाला त्या ठाऊक असतात. परंतु विचारणाऱ्याच्या पेटीत चारच चेहरे असतील तर ते बिचारे काय लावणार?

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल की, बाईंनी नातीची बाजू घेऊन परीक्षेला खोटे पाडले. मलाही त्या दिवसांत तसेच वाटू लागले होते. वही घेऊन मी लेकीकडे गेले आणि तिला चांगले चार दाखले ऐकवले. तिने ऐकून घेतले. आता आमचे मिटले, असे मला वाटले.

आणि मग होळीच्या आदल्या आठवड्यात जे घडले ते सांगायला मला लाज वाटते. परंतु ते सांगितले नाही तर हे भाषण अर्धे खोटे होईल.

छकुली दोन दिवस नेहमीपेक्षा कमी जेवत होती. मी विचारले, "काय गं, काय होतंय?" ती म्हणाली, "काही नाही." रात्री उशीवर एकाच कुशीवर निजे. तिसऱ्या दिवशी अंग तापले तेव्हा डॉक्टरांकडे नेले. त्यांनी कानात पाहिले आणि म्हणाले, "अहो, कान आतून केवढा सुजला आहे! एवढे दुखत असताना ही रडली कशी नाही?" घरी आल्यावर मी तिला मांडीवर घेऊन विचारले, "बाळा, दुखत होतं तर सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "तूच म्हणतेस ना आजी, शहाणी मुलं रडत नाहीत."

मैत्रिणींनो, त्या वेळी मला त्या कागदावरचे शब्द पुन्हा दिसले. 'भावना व्यक्त करत नाही.' माप परक्या गावचे होते, मोजणारीने घाई केली होती, हे सारे खरे. तरीही त्या मापाने कुठेतरी एक खरी गोष्ट हेरली होती, आणि मी ती माझ्या मानापायी नाकारत होते. पाहुण्यांपुढे निराशा झाकावी, हे शहाणपण. परंतु आजीच्या मांडीवरसुद्धा दुखणे झाकावे, हे शहाणपण नव्हे. ती माझी चूक. झाकायचे कुठे आणि उघडे करायचे कुठे, यांतला भेद मी तिला शिकवलाच नव्हता. मी अर्धाच धडा दिला होता.

मी लेकीला फोन करून म्हटले, "तुझे सगळे बरोबर नव्हते, पण माझेही सगळे बरोबर नव्हते." ती संध्याकाळी आली आणि आम्ही दोघी पुष्कळ बोललो. खरे सांगायचे तर, इतक्या वर्षांत मला काय वाटते ते मी तिला प्रथमच सांगितले. मलाही कोणी शिकवले नव्हते.

तेव्हापासून दिवेलागणीला आमचा एक नेम आहे. शुभंकरोती झाली की छकुली आणि मी एकमेकींना विचारतो, "आज मनात काय काय झालं?" आधी मी सांगते. आज दूध उतू गेले आणि मी स्वतःवरच चिडले. आज तुझ्या पणजीची आठवण येऊन गलबलून आले. मग ती सांगते. प्रथम ती नुसते "काही नाही" म्हणे. आता सांगते, "मी आज हिरमुसले. बाईंनी मला पुढे बसवलं नाही." परवा तर मलाच म्हणाली, "आजी, मी तुझ्यावर रुसलेय, समजूत काढ." मला हसूही आले आणि डोळ्यांत पाणीही आले. तो चेहरा कोणी कापडाचा शिवून दाखवावा!

मग मी बालवर्गाच्या बाईंना भेटले. भांडायला नव्हे. नमस्कार करून म्हटले, "बाई, तुम्ही मोजलेत त्यातले काही खरे होते, त्याबद्दल मी आभारी आहे. काही मात्र आमच्या घरची रीत होती, तेवढे तुम्हांला सांगायला आले." त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. त्या म्हणाल्या, "वर्गात चाळीस मुले आहेत आजी, प्रत्येकाच्या घरी काय शिकवतात ते आम्हांला कसे कळावे?" हेही खरेच होते. कागदावरचा शेरा काही बदलला नाही. परंतु त्यांनी माझ्यादेखत त्याखाली एक ओळ लिहिली: 'अनोळखी माणसापुढे बोलत नाही; घरी बोलते.' मला तेवढे पुरे झाले.

त्या मुलीने वहीत शेवटी मला एक गोष्ट लिहायला लावली. त्या बाहुल्यांच्या परीक्षेत, मी मघा सांगितली त्या, मुलापुढे बसण्याआधी आईला प्रश्न विचारून घेतात. अमुक प्रसंगी तुमच्या मुलाला बहुधा काय वाटेल? आणि मग काही गोष्टींत बाहुलीला मुद्दाम त्याच्या उलट वाटल्याचे दाखवतात. हेतू असा की, मूल स्वतःचेच मन सांगते आहे की दुसऱ्याचे मन ओळखते आहे, ते कळावे. म्हणजे ज्यांनी ही परीक्षा नीट विचार करून बांधली, त्यांनी घरच्या माणसाला आधी विचारले. आपल्याकडे परीक्षा उतरवून घेताना चेहरे तेवढे उतरले, आईला विचारायचे राहून गेले.

आपल्या महाराष्ट्राला तरी ही वाट नवी नाही. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. गरिबांची आणि आदिवासींची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी मुलांना नावे ठेवली नाहीत. बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. आज गावोगाव आपण 'अंगणवाडी' म्हणतो, ती कल्पना तिथली. शाळा जर अंगणात जाऊ शकते, तर मोजमापानेही आधी अंगणात जाऊन घर पाहून यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

म्हणून मी आज मंडळापुढे एक साधी विनंती ठेवते. आपल्या आळीतल्या अंगणवाडीत आणि बालवर्गांत आपल्यापैकी पुष्कळ जणींची मुले, नातवंडे जातात. आपण दोघी-तिघी जणी जाऊन तेथील बाईंना सांगू या की, मुलाच्या कागदावर 'भावनिक विकास' असा रकाना असेल तर त्याच्या शेजारी घरच्या माणसाला दोन ओळी लिहायला जागा ठेवा. "आमच्याकडे मोठ्यांपुढे उलट बोलू देत नाहीत." "ही आजोबा वारल्यापासून गप्प असते." "हा घरी कानडी बोलतो." अशा दोन ओळींनी कोणाचे गुण वाढायचे नाहीत, पण मूल कमी आहे की निराळे आहे, ते तरी समजेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी मी लिहून देईन. सातवीच्या अक्षराला एवढे जमते.

आणि दुसरी विनंती आपल्याच घराला. कागदावर उणे आले तर शाळेवर रागावण्याआधी आणि मुलावर रागावण्याआधी एक संध्याकाळ त्या मुलाला मांडीवर घेऊन विचारा, "आज मनात काय काय झालं?" पहिले काही दिवस ते "काही नाही" म्हणेल. तरी विचारत राहा. आणि आधी आपले सांगा.

माझ्या सासूबाई पुढे दोन्ही पायल्या घरात ठेवत. माहेरचे धान्य आले की माहेरच्या पायलीने मोजत, सासरचे सासरच्या पायलीने, आणि म्हणत, "माप कोणतं का असेना, भाकरी सगळ्यांना पुरली पाहिजे." आपल्या मुलांच्या बाबतीतही तेवढे सांभाळले म्हणजे झाले.